चौऱ्याण्णव नंबरांचं गाव

"काय म्हणतंय?" मिसेस हॉकिंगनी खुर्चीतून विचारलं.

"म्हणतंय, चालू करण्यासारखं काही सापडत नाही. डिस्क बदला आणि कुठलंही बटण दाबा."

"मग दाब की बाबा."

"चार वेळा दाबलं."

मी पाचव्यांदा दाबलं. काळ्या स्क्रीनवर तीच पांढरी ओळ पुन्हा उमटली. ड्राइव्हमध्ये माझी लिनक्सची डिस्क होती, आणि मशीन तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं.

फेब्रुवारीतला मंगळवार होता, आमच्या ॲडलेडकडचा ऐन उन्हाळा. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि शेडच्या पत्र्याखाली किती ते विचारू नका. आमची पोल्डेनची शेड म्हणजे निवृत्त पुरुषांनी घरात बायकांच्या पायात येऊ नये म्हणून बांधलेली जागा. तिथे सुतारकाम चालतं, वेल्डिंग चालतं, चहा अखंड चालतो, आणि एका कोपऱ्यात माझे जुने कॉम्प्युटर असतात. अडतीस वर्षं मी धान्य साठवायच्या सायलोवर वजनकाट्याच्या खोलीत बसलो, गव्हाचे ट्रक आत घेतले आणि बाहेर काढले. साठी उलटल्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम शिकलो. तेव्हापासून गावातला प्रत्येक मेलेला कॉम्प्युटर मी जिवंत करू शकतो, असा माझा समज आहे. बायकोच्या मते हा आजार आहे.

शेड पुरुषांची असली तरी मिसेस हॉकिंगना कोण अडवणार? वय शहाऐंशी. सकाळी दहाला त्या वॉकर ढकलत आल्या. वॉकरच्या टोपलीत, टॉवेलात गुंडाळलेला, नवऱ्याने चोवीस वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर होता. शनिवारी वीज गेली आणि परत आली, पण कॉम्प्युटर परत आला नाही.

"कडिना गावातला दुकानदार म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, तुझं तोंड आधी पूस."

पुसून चालणार नव्हतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. मिसेस व्हर्ली हॉकिंग बावीस वर्षं पोल्डेनच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होत्या. एकोणऐंशी साली आपोआप लागणारे फोन आले आणि एक्स्चेंजला कुलूप लागलं, तोवर गावातला प्रत्येक फोन त्यांच्या हातून जोडला जायचा. चौऱ्याण्णव नंबर. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी एकेका नंबरावर लिहायला घेतलं, दोन बोटांनी, मोठ्या अक्षरांत. अठ्ठ्याहत्तर झाले होते. सोळा राहिले होते. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाताळपर्यंत स्क्रीनवरचं वाचता येईल, पुढचं सांगता येत नाही.

"कागदावर नाही काढलंत कधी?" मी विचारलं.

"अर्धवट काम कागदावर कशाला काढायचं?"

"दुसरीकडे कुठे ठेवलंय?"

"दुसरीकडे म्हणजे कुठे?"

मी कपाळाला हात लावला. सगळं त्या एका हार्ड डिस्कवर होतं. म्हणूनच लिनक्सची डिस्क हवी होती. ती लावली की हार्ड डिस्कला धक्का न लावता मशीन सुरू होतं, मग आत डोकावायचं, हवं ते उचलायचं आणि बाहेर पडायचं. फक्त मशीनने ती डिस्क घ्यायला हवी.

शेजारच्या टेबलाशी किंग्स्ली रोव एका टोस्टरची वायर तपासत होता. एकोणऐंशी वर्षांचा, वीज खात्यातून निवृत्त. शेडचा नियम असा की प्लग असलेली कुठलीही वस्तू किंग्स्लीने तपासून, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी चिकटवल्याशिवाय चालवायची नाही. मागे एकाला ड्रिलचा झटका बसला तेव्हापासून किंग्स्ली कशालाही चिठ्ठी चिकटवतो. केटलला आहे, रेडिओला आहे. मिसेस हॉकिंगचा वॉकरही तो जरा वेळ निरखत होता.

तो माझ्या कानाशी आला. "नाही सुरू झालं तर?"

"होईल."

"आणि झालं तर?" त्याने आवाज आणखी खाली आणला. "बाईने सगळं लिहिलंय म्हणे. कोण कोणाला फोन करायचं, किती वाजता. चौऱ्याहत्तर सालातलंसुद्धा."

"चौऱ्याहत्तर साली काय झालं होतं रे?"

"कुठे काय," तो म्हणाला आणि टोस्टरकडे गेला.

मी कामाला लागलो. मशीन आधी हार्ड डिस्ककडे बघत होतं, तिथे अडलं की तिथेच बसत होतं. त्याला सांगायला हवं होतं की आधी सीडी बघ. त्यासाठी चालू होताहोता एक बटण दाबून आतल्या निळ्या पानावर जायचं असतं. मी बटण दाबत राहिलो. काही नाही. मग लक्षात आलं, माझा कीबोर्ड नव्या चपट्या प्लगचा. हे मशीन इतकं जुनं की सुरुवातीच्या त्या दोन सेकंदांत असला कीबोर्ड लावलाय हे त्याला कळतच नव्हतं. भंगाराच्या फळीवरून गोल प्लगचा एक पिवळा पडलेला कीबोर्ड काढला.

"त्याला चिठ्ठी नाही," किंग्स्ली म्हणाला.

"किंग्स्ली, हा कीबोर्ड आहे."

"वायर आहे ना त्याला?"

चिठ्ठी लागली. मी बटण दाबलं आणि निळं पान उघडलं. अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत. क्रम बदलला, सीडी वर आणली, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

पुन्हा तीच पांढरी ओळ.

निळ्या पानावर परत गेलो, तर क्रम जुनाच. वर कोपऱ्यात तारीख होती एक जानेवारी, दोन हजार एक. मी हसायलाच लागलो.

"आता काय झालं?" मिसेस हॉकिंग.

"याला वाटतंय अजून दोन हजार एक आहे. आतली बटणासारखी बॅटरी संपलीय. वीज काढली की शिकवलेलं सगळं विसरतं."

"मग चांगलंच आहे. तेव्हा लेन होता," त्या म्हणाल्या. लेन म्हणजे त्यांचा नवरा.

तसली बॅटरी चहाच्या टेबलावरच्या छोट्या वजनकाट्यात निघाली. ती घातली, तारीख दुरुस्त केली, क्रम बदलला. आता मशीनने डिस्क घेतली. खुर्रर्र आवाज झाला, दिवा लागला, विझला, आणि पांढरी ओळ हजर. मी डिस्क काढून उलटसुलट पाहिली, मग ड्राइव्हच्या दारावरची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली, आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. ड्राइव्ह फक्त सीडी वाचणारा होता, आणि मी त्याला सकाळपासून डीव्हीडी भरवत होतो. शिवाय डीव्हीडीवरचं नवं लिनक्स या म्हाताऱ्या मशीनला झेपलंही नसतं.

"जुनं, छोटं लिनक्स लागणार. सीडीवर मावणारं," मी म्हटलं. "किंग्स्ली, त्या मशीनवर ठेवलेलं आहे. एक सीडी करून दे. फाइल नुसती टाकू नकोस हां, ते दुसरं बटण आहे, 'इमेज' म्हणून."

"मला येतं," तो दुखावून म्हणाला. मागच्या वर्षी त्याने असल्या सहा सीड्या वाया घालवल्या होत्या, पण ते मी बोललो नाही.

तो सीडी करेपर्यंत मी ओव्हनमधल्या मटण-बटाटा भरलेल्या पॅस्टी काढल्या. मिसेस हॉकिंगनी सॉस नको म्हटलं. शेजारी सुतारकामाच्या ओट्यावर काम करणारे दोघे करवत थांबवून बघायला आले. चर्चमध्ये येत नाहीत इतके लोक आता माझ्या कोपऱ्यात जमले होते, आणि प्रत्येकाचा कुठला ना कुठला नंबर त्या हार्ड डिस्कवर होता.

किंग्स्लीने सीडी आणून दिली. मी ती आधी शेडच्या मशीनमध्ये घालून पाहिली. सुरेख चालली. मग मिसेस हॉकिंगच्या मशीनमध्ये घातली.

आणि ते सुरू झालं. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकू लागल्या. मशीन स्वतःचे हातपाय चाचपत होतं: एवढी मेमरी, हा कीबोर्ड, ही हार्ड डिस्क. हार्ड डिस्कचं नाव दिसलं आणि मी खुर्चीतून उठलोच. ती मेलेली नव्हती. "आहे, आहे, जिवंत आहे," मी म्हणालो, आणि ओट्यावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

ओळी थांबल्या. ड्राइव्ह गुरगुरला, थांबला, परत गुरगुरला. स्क्रीनवर आलं की डिस्क वाचता येत नाही.

पुढचा पाऊण तास माझ्या नाकी नऊ आले. मेमरीची एक पट्टी काढली, दुसरी लावली. ड्राइव्हचं भिंग कापसाने पुसलं. दुसऱ्या केबलने जोडलं. प्रत्येक वेळी सुरू व्हायचं, ओळी धावायच्या, आणि कधी विसाव्या ओळीवर, कधी पन्नासाव्या ओळीवर बसकण. शेडच्या मशीनवर मात्र तीच सीडी शहाण्यासारखी चालत होती. दीड वाजला होता, दोनला शेड बंद होते. ओट्यावरचे दोघे पुन्हा करवतीकडे गेले.

"मिसेस हॉकिंग," मी म्हटलं, "ड्राइव्हच गेलेला दिसतोय. आज नाही जमणार बहुतेक. दुसरा शोधतो कुठूनतरी."

त्या ऐकत नव्हत्या. म्हणजे माझं ऐकत नव्हत्या. मान एका बाजूला कलती करून बसल्या होत्या.

"परत चालू कर," त्या म्हणाल्या. "आणि त्या दोघांना सांग, करवत बंद करा."

करवत बंद झाली. मी मशीन चालू केलं.

"ऐक. एका बाजूला जड पडतंय."

"काय?"

"जे फिरतंय ते. सरळ फिरत नाहीये. हूं, हूं, हूं, असं जायला हवं. हे हूं-हुप, हूं-हुप करतंय." त्यांनी खुर्चीच्या दांड्यावर बोटाने ताल धरला. "पाऊस पडला की बावीस नंबरच्या लाइनवर असंच काहीतरी व्हायचं. तार कुठे टेकलीय ते मी खुर्चीतून लाइनमनला सांगायचे."

मी सीडी बाहेर काढली. सुलटी बाजू आतापर्यंत नीट पाहिलीच नव्हती, सगळं लक्ष चकचकीत बाजूवर. वर, मधल्या भोकापासून कडेपर्यंत, एका बाजूला, हिरवी कागदी चिठ्ठी. तारीख. सही. के. रोव.

"किंग्स्ली," मी म्हणालो, "तू सीडीला चिठ्ठी लावलीस?"

"मग? तपासली ना मी. चालली ना तिकडे."

"तिकडचा ड्राइव्ह नवा आहे, सांभाळून घेतो. हा म्हातारा आहे, जोरात फिरवतो. एका बाजूला कागद चिकटला की ती थरथरते, वाचणार कशी?" आणि मग मनात होतं ते तोंडातून गेलंच. "का मुद्दामच लावलीस? चौऱ्याहत्तरसाठी?"

तो लालबुंद झाला. "रॉस ट्रेझाइझ, मी चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर चढलोय. माझ्या चिठ्ठीच्या वस्तूने आजवर कोणाला इजा झालेली नाही. मला भीती वाटते ती वाटते. पण खोटं काम मी करत नाही."

मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला माहितीय," तो म्हणाला आणि नवी सीडी करायला गेला. चिठ्ठी सोलून काढली असती तर वरचा थरही निघाला असता. या वेळी त्याने सगळ्यात कमी वेग निवडला. सीडी झाल्यावर चिठ्ठी त्याने कागदी पाकिटाला लावली, तारीख घातली, सही केली, आणि सीडी दोन बोटांत कडेने धरून माझ्याकडे दिली.

दोनला दहा कमी होते. मी सीडी घालून ड्राइव्हचं दार ढकललं. मिसेस हॉकिंगची मान कलती. हूं, हूं, हूं.

ओळी धावल्या. वीस, पन्नास, शंभर. पडदा काळा झाला, आणि तो इतका वेळ काळा राहिला की मी बंद करायच्या बटणाकडे हात नेला. मग एकदम निळा उजेड, कोपऱ्यात छोटी चित्रं, आणि मधोमध हलणारा बाण.

ओट्यावरच्या एकाने दुसऱ्याला मिठीच मारली. मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचत होतो, एकाहत्तर वर्षांचा बाप्या. हार्ड डिस्कच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. लेनचे मासेमारीचे फोटो. विम्याची पत्रं. आणि एक फाइल, नाव 'एक्स्चेंज'. पहिलं काम म्हणजे ती तीन वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवली. तिसरी उतरली तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"आहे सगळं," मी म्हणालो. "अठ्ठ्याहत्तर नंबर."

"उघडून वाच. मला एवढ्या लांबून दिसत नाही. अक्षरं फुटलीत का बघ."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"त्यात लपवण्यासारखं काही नाही. चौदा वाच."

चौदा म्हणजे किंग्स्लीचा. तो टोस्टर हातात घेऊन भिंतीला टेकला होता, तोंडचं पाणी पळालेलं. मी वाचलं:

"'नंबर चौदा. रोव. रेल्वे फाटकाजवळचं घर. घंटा दोन लांब, एक आखूड. दर गुरुवारी, साडेचार. मी म्हणायचे: लागलाय, बोला. एकदा म्हणाले: आज तिकडून कोणी उचलत नाहीये, किंग्स्ली, पुन्हा बघू का? तीनदा पुन्हा बघितलं.'"

"पुढे?" किंग्स्लीने विचारलं.

"पुढे पंधरा नंबर आहे."

मिसेस हॉकिंग म्हणाल्या, "नोकरीला लागताना मी सही केली होती. लाइनवर कानावर पडलेलं बाहेर काढणार नाही म्हणून. तुम्ही लोक काय बोललात ते मी लिहिलेलं नाही. मी काय बोलले तेवढंच लिहिलंय. ते तर माझं आहे ना?"

"एक्स्चेंज बंद होऊन सेहेचाळीस वर्षं झाली," मी म्हणालो.

"सहीवर संपायची तारीख नव्हती."

किंग्स्ली टोस्टर ठेवून केटल लावायला गेला. ओट्यावरचे दोघेही आपापल्या टोप्या घेऊन निघाले. पानं सरकवता सरकवता माझं बोट एकतिसावर थांबलं. एकतीस आमचा. मी तो मनातल्या मनात वाचला.

'नंबर एकतीस. ट्रेझाइझ. बेकरीच्या मागे. तीन आखूड. रविवार, सप्टेंबर सहासष्ट. ॲडलेडहून हॉस्पिटलचा कॉल. मी म्हणाले: जीन, हॉस्पिटल आहे, जोडते. चार मिनिटांनी तिकडून फोन ठेवला. मी म्हणाले: जीन, तिकडची लाइन गेली. मी आहे. रविवारी एकला एक्स्चेंज बंद करायचं असतं. मी म्हणाले: मी काही बंद करत नाहीये. बोलावंसं वाटलं तर बोल, नाही तर नको. सहाला मी म्हणाले: अजून आहे. साडेसातला तिने फोन ठेवला. दुसरं काही बोलले नाही.'

त्या रविवारी मी बारा वर्षांचा होतो. माझा भाऊ डॅरिल एकोणीस वर्षांचा, मोटरसायकलवरून पडलेला. दुपारभर माझी आई जीन स्वयंपाकघराच्या भिंतीशी रिसीव्हर कानाला लावून उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती. मी दारातून बघत होतो. मला वाटायचं, तिकडून डॉक्टर काहीतरी सांगतायत, डॅरिलला वाचवतायत, अजून सांगतायत, म्हणजे अजून आशा आहे. आईने त्या दुपारबद्दल पुढे कधी तोंड उघडलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. डॉक्टरांनी तर डॅरिल गेल्याचं सांगून चार मिनिटांतच फोन ठेवला होता. साडेसातपर्यंत तिच्या कानाशी कोण होतं ते मला आज कळलं.

मी मिसेस हॉकिंगकडे बघितलं. काहीतरी म्हणायचं होतं, पण डोळे असे भरून आले की स्क्रीनवरची अक्षरं विरघळली. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. किती नंबर उघडा आहे ते त्यांना दिसत नव्हतं, पण माझ्या श्वासावरून त्यांना कळलं असावं. त्यांनी मान दाराकडे वळवली, हात मांडीवर ठेवले आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत बसल्या.

किंग्स्ली दोन कप चहा घेऊन आला. "रॉस, दोन वाजून गेले, कुलूप लावायचं..."

मिसेस हॉकिंगनी तळवा वर केला.

"थांब जरा," त्या हळूच म्हणाल्या. "बोलणं चालू आहे."

किंग्स्लीने माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. मग दोन्ही कप हातात घेऊन होता तिथेच उभा राहिला.